वाईची आजी, सात पिंपं आणि तीन दिवस

आईचे गुडघे बघता वाड्याचा जिना तिला चढता येणार नाही, हे आम्ही पुण्याहून निघतानाच धरून चाललो होतो. ती चढली. वरून लोंबणारा दोर धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, पण चढली. अडकले ती मी. माडीच्या तोंडाशी असलेली आडवी तुळई कपाळावर अशी बसली की क्षणभर डोळ्यांपुढे आजीचं दिवाणखान्यातलं झुंबर पेटलं. ह्या जिन्यावरून लहानपणी मी हजार वेळा पळत वरखाली केलंय. वाकायची गरज कधी पडलीच नव्हती, त्यामुळे ती तुळई मला आठवणीतच नव्हती.

वाईचा वाडा म्हणजे माझं आजोळ. 1978 ते 1990 पर्यंतच्या मे महिन्याच्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या. आम्ही दादरच्या दोन खोल्यांत राहणारी मुलं. संडास चौथ्या घरापाशी, पाणी सकाळी दीड तास. आणि आजीकडे दोन चौक, आड, तळघर, झोपाळा, माडीवर दिवाणखाना. शाळेत 'माझी आजी' असा निबंध लिहायला सांगितला की मी 'माझी आजी फार श्रीमंत आहे' ह्या वाक्यानं सुरुवात करायचे. बाईंनी एकदा ते वाक्य खोडलं होतं. का खोडलं ते मला कळलं नाही, कारण ते खरंच होतं.

आजी 1991 मध्ये गेली. पुढच्या चौकात आता मामेभाऊ आणि वहिनी राहतात. मागचा बराचसा बंद आहे. ह्या वर्षी कृष्णाबाईच्या उत्सवाला या, असं दादानं फार आग्रहानं सांगितलं, आणि आई, मी आणि माझी मुलगी (वय 19, वाड्यात पहिल्यांदाच मुक्काम) अशा तिघी निघालो.

पहिला दिवस, शुक्रवार

पुणे ते वाई 90 किलोमीटरच्या आसपास, एरवी दोन-अडीच तास. आम्हाला साडेचार लागले. खंबाटकी घाटात एक ट्रक वळणावर बंद पडला होता. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना आम्हाला घाट चढावाच लागला, बोगदा फक्त परतीच्या वाटेला होता. तेव्हा शुक्रवारी दुपारनंतर निघू नका, एवढं माझ्याकडून ऐका. सकाळी सातच्या आत कात्रज सोडलं तर नाष्ट्याला वाईत पोचता. एसटीनं जाणाऱ्यांना स्वारगेटहून गाड्या भरपूर आहेत.

घाटात गाडी उभी होती तेव्हा आईनं आमच्या लहानपणची सामानाची यादी म्हणून दाखवली. वळकटी, फिरकीचा तांब्या, दशम्या-चटणी, आणि आजीसाठी दादरहून घेतलेला अर्धा किलो काजू. "काजू तेवढा लागायचा," आई म्हणाली, "दुसरं काही नेलेलं तिला खपायचं नाही." हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून सोडून दिलं.

सुरूर फाट्याला हमरस्ता सोडला की हवा बदलते. दोन्ही बाजूंना ऊस आणि हळद, समोर पांडवगड आणि सोनजाईचा डोंगर, त्यांच्या मागे पाचगणीचं पठार सुरीनं कापल्यासारखं सपाट. माघातली संध्याकाळ होती. काचा खाली केल्या तर शहारे यायला लागले. (स्वेटर घ्याच. दुपारी त्याचं ओझं होतं, पण सकाळी नदीकाठी त्याच्याशिवाय उभं राहवत नाही.)

वाड्याचा दरवाजा बाहेरून आहे तसाच आहे. मोठी दोन दारं, लोखंडी खिळ्यांची, आणि उजव्या दारात वाकून आत जायची दिंडी. मोठी दारं वर्षातून दोनदा उघडायची, लग्नाला आणि गणपतीला. आत देवडी, भिंतीत सरकणारा लाकडी अडणा, मग चौक. मुलीनं येताना टेप आणली होती, तिला वास्तुकलेच्या अभ्यासात काहीतरी करायचंय. तिनं चौक मोजला. 28 फूट बाय 22.

"एवढाच?" मी म्हणाले.

"एवढाच म्हणजे? आपला अख्खा फ्लॅट बसतो ह्यात."

माझ्या डोक्यातल्या चौकात शिवाजी पार्क बसत होतं. मात्र भिंतीनं निराश केलं नाही. देवडीपाशी तीन फूट भरली. खाली दगड, वर पांढऱ्या मातीचे भेंडे. उन्हाळ्यात माजघरात पाऊल टाकलं की माठात शिरल्यासारखं का वाटायचं, ते ह्या तीन फुटांत आहे.

रात्री वहिनीनं ज्वारीची भाकरी, भरलं वांगं आणि वाघ्या घेवड्याची आमटी केली होती. हा घेवडा कोरेगाव तालुक्याकडचा, दाण्यावर वाघासारखे पट्टे. राजम्याचा भाऊ म्हणा हवं तर, पण राजम्याहून लवकर शिजतो आणि आमटीला स्वतःचा दाटपणा असतो, वाटण फारसं घालावं लागत नाही. मिळाला तर किलोभर आणा. आमच्या गाडीत शेवटी पाच किलो आला, त्याची गोष्ट पुढे.

आम्ही झोपलो माडीवर. दिवाणखान्यातलं झुंबर जुन्या धोतरात गुंडाळून टांगलेलं आहे, एखाद्या मोठ्या मधाच्या पोळ्यासारखं. बेल्जमच्या आरशाचा पारा उडालाय. रविवर्म्याच्या छापाची लक्ष्मी आहे, तिच्या कमळाला वाळवी लागलीय. आम्ही नातवंडं इथेच ओळीनं झोपायचो, नऊ-दहा जणं, आणि शेजारच्या अंधाऱ्या खोलीत गवतात आंब्याची आढी असायची. झोप लागेपर्यंत तो वास. सकाळी आजी आढी लावायला बसायची. एकेक आंबा देठापाशी दाबून, नाकाला लावून, पिकलेले डावीकडे. मग मोजायची. मग पुन्हा मोजायची. माणशी एक चोखायला, आणि जेवणात रस वाटीनं. दुसरी वाटी मागितली तर ती नाही म्हणायची नाही, नुसती बघायची. आम्हाला वाटायचं, श्रीमंत माणसं चिकट असतात, त्यामुळेच श्रीमंत होतात.

एक 1984 चा उन्हाळा सोडून. त्या वर्षी रस मोजला गेला नाही. पातेलं मधे ठेवून आजी म्हणाली, "खा रे लेको." मी 13 वर्षांची होते आणि सात वाट्या रस प्यायले. त्या रात्री परसदारच्या संडासापर्यंत कंदील घेऊन तिलाच माझ्याबरोबर चार खेपा घालाव्या लागल्या. चौथ्या खेपेला ती म्हणाली, "आता कळलं का, मोजते का ते?" ते मला पचनाबद्दल वाटलं होतं.

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी साडेसहाला मी आणि मुलगी नदीवर. आजीचा सकाळचा रस्ता तोच होता. घाट, काशीविश्वेश्वर, ढोल्या गणपती आणि परत. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलं. मूर्ती एकाच काळ्या दगडातली, सुमारे दहा फूट उंच आणि खरोखरच ढोली. पण मला देवळाची मागची बाजू दाखवायची होती. गाभाऱ्याच्या मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय, पुराचं पाणी आपटू नये, दोहीकडे फाकून जावं म्हणून. आजी आम्हाला तिथे उभं करून सांगायची, "हा देव पुराला अडवत नाही, वाट देतो." तिचे सासरे पुराच्या वर्षी घाटाच्या कुठल्या पायरीला पाणी लागलं ते वहीत लिहून ठेवायचे. धोमचं धरण झाल्यावर त्या वहीत लिहायला काही उरलं नाही, असंही ती म्हणायची, जरा नाराजीनंच.

रास्त्यांचं नाव वाईत पदोपदी भेटतं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई त्यांच्याच घराण्यातल्या. आमचे पूर्वज त्यांच्यापुढे फारच किरकोळ. सावकारी आणि जमीन एवढंच. तरी आजीच्या बोलण्यात रास्ते आणि आपण शेजारी-शेजारी असल्यासारखे यायचे.

नाष्टा करून मेणवलीला गेलो, वाईपासून तीन किलोमीटर. नाना फडणविसांचा सहा चौकांचा वाडा आणि त्यामागचा चंद्रकोरीसारखा घाट. वाडा खाजगी आहे, आत सोडतील असं गृहीत धरून जाऊ नका. सोडलं तर भिंतींवरची चित्रं बघा आणि हात लावू नका. घाट कुणालाही मोकळा आहे. तिथल्या देवळाशेजारी टांगलेली घंटा पोर्तुगीजांची, चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली तेव्हाची लूट. तिच्यावर 1707 हे साल आहे, आणि लेकराला घेतलेल्या मेरीची आकृती. गोष्ट ऐकून मुलगी बराच वेळ तिथे उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हिला उचलून आणली, आणि इथे तिला काम मिळालं." नऊच्या आत पोचलात तर घाटावर ऊन तिरकं असतं आणि माणसं नसतात. दहानंतर फोटोवाली जोडपी आणि त्यांचे कपडे बदलायचे तंबू. सिनेमावाल्यांनी ह्या घाटाला पार गंगेचा घाटसुद्धा करून टाकलाय. पायऱ्या शेवाळलेल्या आहेत, चपला काढून उतरा.

दुपारी दादानं कोठी उघडली.

इथे थोडं थांबते. माजघराच्या डाव्या अंगाला एक बुटकं दार आहे, त्याला हातभर लांबीचं कुलूप असायचं. आजी दिवसभर त्या दाराला पाठ लावून बसायची. तांदूळ निवडायचे ते तिथेच, वाती वळायच्या त्याही तिथेच, आल्यागेल्याशी बोलणंही तिथूनच. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. दाराला जिथे भेग होती तिथून डोळा लावला की आतल्या अंधारात तांब्याची चमक दिसायची. आम्हाला पक्कं ठाऊक होतं की आत सात पिंपं आहेत. सातच का, ते विचारू नका. माझ्या मावसभावाच्या मते तीन पिंपांत तूप, दोनांत गूळ आणि दोनांत रुपये होते. रुपये कुठल्या दोनांत यावरून मारामाऱ्या झाल्या आहेत.

आत आता पाण्याची मोटर, फिनेलचे कॅन, दादाची जुनी स्कूटर आणि एक मोडका पाळणा आहे. जमिनीवर मात्र गोल खुणा दिसतात, शेणाच्या सारवणाला वर्षानुवर्षं दाब पडून झालेल्या. मुलगी मोजायला लागली. सहा. सातवी स्कूटरखाली होती.

तेवढ्यात परसदारची कडी वाजली.

आलेल्या बाई साठीच्या पुढच्या, काठापदराचं नऊवारी, हातात पिशवी. आईनं त्यांना बघितलं आणि गुडघ्यांचं विसरून उठली. आजीकडे भांडी घासायला ज्या बाई होत्या, त्यांची ही मुलगी. आम्ही तिला नुसतं ताई म्हणायचो. आमच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी, आडाच्या काठावर बिनधास्त बसणारी, करवंदांची जाळी कुठे आहे ते ठाऊक असणारी.

"आक्का, किती वाळलाय!" ती आईला म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "ह्या धाकल्या नव्हं? ज्यांना रस बाधला त्या?"

चाळीस वर्षांनी ओळख उरली ती ही.

वहिनी म्हणाली, "पुढनं यायचं की हो ताई, दार सताड उघडं आहे."

"मला हितनं जवळ पडतं," ताई म्हणाली आणि तिथेच पायरीवर टेकली. पिशवीत घेवडा होता. तिची लेक कोरेगावात दिलीय, त्यांच्या शेतातला. नातू पुण्यात हिंजवडीला नोकरीला आहे. तिनं त्याचा फोटो दाखवला आणि पगार सांगितला. माझ्या मुलीनं माझ्याकडे बघितलं, कारण तो तिच्या आईच्या पगाराहून जास्त होता.

चहा झाला. मग मी तिला हसत हसत सात पिंपांची गोष्ट सांगितली. तूप, गूळ, रुपये. ती हसली नाही. म्हणाली, "सातच व्हती. पर रिकामी."

"रिकामी म्हणजे?"

"रिकामी म्हंजी रिकामी. मीच घासायची की ती आतनं. माझी आई मला बगलेत धरून आत सोडायची, संगट चिच आन् राख. मी सा-सात वर्साची. एकदा आत गेलं का वरनं नुसतं गोल उजेड दिसायचा. भ्या वाटू नये म्हून गाणी म्हनायची. लई घुमायचं आत." आणि तिनं हाताची ओंजळ तोंडापुढे धरून 'हूं' असा आवाज काढून दाखवला. खोलीत कुणी बोललं नाही. "अक्षय्य तृतीयेच्या आधी घासायची. ममईची पोरं यायच्या आधी. लखलखीत करून, झाकनं लावून, कुलूप. तुमची आज्जी म्हनायची, पोरांस्नी फटीतनं दिसलं पायजे."

ती भेग दाराला आपोआप पडलेली नव्हती की काय, हा विचार मला रात्री आला. सकाळी जाऊन बघितली. फळीच्या सांध्यातली खपली कुणीतरी पद्धतशीर काढल्यासारखी आहे. किंवा वाळवी असेल.

आई खाली बघत चहाच्या कपाचा कान पुसत होती. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"माझं लग्न होईस्तोवर ती भरलेली असायची," आई म्हणाली. मग जरा वेळानं, "निदान काही."

मग तिनं जे सांगितलं ते तुकड्या-तुकड्यांनी, मधेच वहिनीला चहात साखर कमी होती वगैरे सांगत. कुळकायदा आला. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन, त्या दिवसापासून कसणारा मालक. आजोबांची जमीन तीन गावांत होती आणि त्यातली स्वतः कसायची म्हणून जवळपास काहीच नव्हती. हप्त्यांनी ठरलेली किंमत यायची, तीही आजोबांनी कोर्टकज्ज्यांत घातली. ते गेले तेव्हा आजीकडे उरला वाडा, आडाचं पाणी आणि भांडी. "कायदा चुकीचा होता असं ती कधी म्हणाली नाही," आई म्हणाली. "ती म्हणायची, राबतो त्याची. फक्त हे आधी सांगितलं असतं तर आम्ही राबायला शिकलो असतो."

"मग तू पैसे नाही द्यायचीस?"

"उशीखाली पाकीट ठेवून यायचे. आपण दादरला पोचायच्या आत मनीऑर्डर परत. कूपनावर लिहिलेलं, 'आपले काही विसरले होते.'"

ताईनं बाकीचं सांगितलं. खर्च निघाला की एक पिंप जायचं. साताऱ्याहून मोड घेणारा यायचा, पण दिवसा नाही. संध्याकाळी, परसदारानं. तांबं तागडीत घालायच्या आधी आजी पिंपावरच्या नावाची बाजू भिंतीकडे करायची. पिंप गेलं की त्या जागी पाट ठेवून त्यावर तांब्याची परात उभी करायची, म्हणजे फटीतून चमक तेवढीच. ताईची आई पगार घ्यायची तो कधी पैशात, कधी भांड्यात. "माझ्या लग्नात जो हंडा दिला त्यो हितलाच," ताई म्हणाली. "पाचशे लिटरची टाकी घेतली तवा नातू म्हनला ईकून टाक. म्या न्हाय ईकला."

मी त्या बुटक्या दाराला पाठ लावून बसून बघितलं. दगड गार आहे. तिथून देवडी दिसते, चौक दिसतो, जिना दिसतो, परसदार दिसतं. कोण कुठून येतंय ते सगळं. आणि आपल्या पाठीमागे काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

(मधेच कामाचं. वाईत आळ्या अरुंद आहेत आणि उत्सवाच्या दिवसांत गाडी आत घालणं म्हणजे स्वतःवर सूड. पुलाच्या अलीकडे जागा बघून ठेवा आणि चालत या. पाचगणी 12 किलोमीटरवर आहे. पसरणीचा घाट चढताना हरेश्वराच्या वळणांवरून मागे वळून बघा, वाई आणि कृष्णा अख्खी दिसते. फेब्रुवारीत स्ट्रॉबेरी रस्त्याच्या कडेला मिळते. वरची लाल बघून घेऊ नका, खालची फळं उलटून बघा. डबे एकावर एक रचलेत तर पुण्यात जॅम पोचतो. आमचा पोचला.)

तिसरा दिवस, रविवार

वाईत नदीकाठी सात आळ्या आणि प्रत्येक आळीचा कृष्णाबाईचा उत्सव वेगळा, माघ-फाल्गुनात एकापाठोपाठ एक. अफझलखान वाईत तळ देऊन होता तेव्हा शिवाजी महाराजांना यश यावं म्हणून शेंड्ये शास्त्र्यांनी नवस केला, तिथून उत्सव सुरू झाला असं सांगतात. नदीलाच देवी मानून घाटावर मांडव घालतात, मूर्ती बसवतात, कीर्तनं होतात आणि शेवटी आळीचं जेवण. बाहेरच्यालाही कुणी जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. फक्त तारखा पंचांगाप्रमाणे सरकतात, तेव्हा वाईतल्या कुणाला तरी विचारून निघा.

सकाळी कीर्तन. बुवांचा आवाज बसलेला होता, तरी पूर्वरंगापेक्षा उत्तररंग चढला. आई घाटाच्या वरच्या पायरीवर खुर्चीत, तिच्याभोवती तिच्या शाळेतल्या तिघी. चौघींचं वय मिळून तीनशेच्या पुढे आणि चौघींचा विषय एक, चौथीच्या वर्गातल्या बाई कुणाला जास्त मारायच्या. मुलगी तोवर भाजी चिरायला बसली होती. ताई स्वयंपाकाच्या मांडवात मुख्य. चाळीस किलो तांदूळ, अळूची भाजी, मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. ती बोलत फारशी नाही, नुसती बोट दाखवते आणि पोरं पळतात.

पंगत बसली. पत्रावळी मांडल्या, मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. मसालेभात चुलीवरचा, खाली किंचित लागलेला, त्यामुळे धुराचा वास उतरलेला. असा भात घरी गॅसवर होत नाही, मी करून पाहिलाय. अळूत शेंगदाणे आणि मुळ्याचे तुकडे. पाणी वाढायला एक शाळकरी मुलगा जग घेऊन फिरत होता आणि मांडवाच्या खांबापाशी जाऊन भरून आणत होता. तिथे एका तिवईवर तांब्याचं पिंप होतं, कमरेच्या वर उंच, खाली पितळी तोटी बसवलेली.

जेवून हात धुवायला गेले तेव्हा बघितलं. गळ्याच्या खाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं. आईच्या आजोबांचं नाव, वाई, शके 1841. म्हणजे इसवी सन 1919. मी आईला आणलं. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं.

दादा मागून आला. "हे आजीनं दिलंय उत्सवाला. आपल्या घराण्याचं म्हणून दरवर्षी आधी ह्याला हळदकुंकू लावतात." त्याच्या आवाजात अभिमान होता आणि तो रास्तही होता.

ताई पदराला हात पुसत उभी होती. दादा गेल्यावर हळूच म्हणाली, "दिल्यालं न्हाय, आक्का. उत्सवाच्या मानसांनी घेतलं. मोडवाल्यापेक्षा दीडपट दिलं. आज्जींची एकच अट व्हती, कुनाला सांगायचं न्हाय. माझी आई आन् मी, दोघींनी घाटापत्तुर आनलं. रातचं. गुंडाळून, बाजेवर घालून, मयतावानी."

"कधी?" आईनं विचारलं.

ताईनं हिशेब केला. तिचं लग्न, त्याच्या पुढचं साल, थोरल्याचा जन्म. "चौऱ्याऐंशी. उन्हाळ्याच्या तोंडाला. शेवटचं पिंप ते."

आई माझ्याकडे वळली नाही. मीही काही बोलले नाही. जग घेऊन आलेल्या मुलाला वाट द्यायला आम्ही बाजूला झालो. त्यानं तोटी सोडली, पाणी बारीक झालं, मग थेंब थेंब. पिंप संपलं होतं. त्यानं ते वाकवून तळातलं काढायचा प्रयत्न केला.

"थांब," ताई म्हणाली. तिनं झाकण काढलं, दोन्ही हात काठावर ठेवले आणि आत डोकावून बघितलं, नीट, बराच वेळ. मग डोकं बाहेर काढून मुलाला म्हणाली, "तुझ्या बाला सांग, उद्या आतनं चिच लावायला. तळाला हिरवं धरलंय."

चारला निघालो. परतीला बोगदा असल्यानं घाट लागला नाही. साडेसहाला कात्रज.